वन्यप्राण्यांची वाट विकास आराखड्यात कशी आणावी : ठाणे आणि नवी मुंबईतील नागरिकांसाठी मार्गदर्शन

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि उत्तरेकडच्या तुंगारेश्वर अभयारण्याचे सुमारे ८५. ही दोन्ही जंगले कायद्याने संरक्षित आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्याचे तसे नाही. घोडबंदर रस्त्यालगतचे चेणे आणि गायमुख, वसई खाडीपलीकडे नागला वनखंडाच्या कडेची गावे, चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्याच्या दोन्ही अंगांची भातशेती, ओढ्यांचे काठ, गायरान आणि खाजगी माळ यांतला बराचसा भाग वन खात्याच्या ताब्यात नाही. त्या जमिनीचे पुढे काय होणार, हे वनरक्षकाच्या गस्तीवर ठरत नाही. नगररचना विभागाच्या नकाशात तिला कोणता रंग दिला आहे, यावर ते ठरते.

या पट्ट्यातून प्राणी ये-जा करतात, हे सिद्ध झालेले आहे. संजय गांधी उद्यानातल्या बिबट्यांना २०२१ मध्ये रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावण्यात आली तेव्हा ‘महाराजा’ नावाचा नर चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वरात गेल्याचे दिसले. त्याआधी २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या वेशीवरच्या या जंगलापर्यंत पोहोचला होता. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने त्याचा मृत्यू झाला. २०१८ च्या कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा) पाहणीत उद्यान आणि परिसरात ४७ बिबटे ओळखले गेले. इतक्या दाटीत वयात आलेल्या नरांना स्वतःचा प्रदेश शोधण्यासाठी बाहेर पडावेच लागते. बाहेरची वाट बंद झाली तर ते वस्तीत शिरतात किंवा रस्त्यावर मरतात, आणि आत उरलेल्यांची पैदास हळूहळू आपसांतच होऊ लागते.

म्हणून वाट वाचवायची असेल तर ती सर्व्हे क्रमांकांसह विकास आराखड्यात (शहराच्या जमीन वापराचा नकाशा व नियम) आणि प्रादेशिक योजनेत (अनेक शहरे-गावांच्या मोठ्या प्रदेशाचा तसाच आराखडा) उतरवावी लागते. इमारतीची परवानगी निघाल्यानंतर मोर्चा काढण्यापेक्षा, जमिनीचा झोन, म्हणजे नकाशातल्या रंगाने दाखवलेला वापराचा विभाग, ठरण्याच्या काळात दोन पानांची नेमकी हरकत दाखल करणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते. ती कशी तयार करावी, हे पुढे दिले आहे.

वाट शोधणे आणि नोंदवणे

प्राणी नकाशावरच्या सरळ रेषेत चालत नाहीत. ते ओढ्याचा काठ धरतात, डोंगराची सोंड धरतात, झाडीच्या आडोशाने शेताच्या बांधावरून जातात आणि रस्ता आला की बहुतेकदा मोरीतून पलीकडे जातात. त्यामुळे पाहणीची सुरुवात मोऱ्यांपासून करावी. आपल्या भागातल्या रस्त्याखालच्या आणि रेल्वेखालच्या सर्व मोऱ्यांची यादी करून प्रत्येकीचे स्थान, उंची, रुंदी आणि दोन्ही तोंडांची अवस्था लिहून घ्यावी. पावसापूर्वीच्या कोरड्या दिवसांत मोरीच्या तळाशी बारीक मातीचा पातळ थर पसरून ठेवला तर दुसऱ्या सकाळी पाऊलखुणा स्पष्ट उमटलेल्या दिसतात. खुणेशेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. बिबट्याखेरीज भेकर, सांबर, रानडुक्कर, साळिंदर, उदमांजर, रानमांजर आणि मुंगूस यांच्याही खुणा नोंदवाव्यात, कारण वाट एकट्या बिबट्याची नसते, आणि बिबट्या ज्यांच्यामागे जातो ते प्राणी त्याच्यापेक्षा जास्त बुजरे असतात.

रस्त्यावर मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी हा सर्वांत ठोस पुरावा असतो. तारीख, वेळ, रस्त्याचा किलोमीटर दगड किंवा अक्षांश-रेखांश, प्राण्याची जात आणि छायाचित्र एवढे पुरेसे आहे. जखमी किंवा मृत वन्यप्राणी दिसताच वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्यामुळे मदत पोहोचते आणि सरकारी दप्तरातही नोंद होते. पुढे सुनावणीत आपली वही आणि वन खात्याच्या नोंदी एकमेकींना दुजोरा देतात. वनक्षेत्रात कॅमेरा ट्रॅप लावायचा असेल तर वन खात्याची परवानगी लागते, आणि खाजगी जमिनीवर लावायचा असेल तर मालकाची संमती घ्यावी. रात्री वाटेवर थांबू नये. पिल्ले असलेल्या जागेचे नेमके स्थान कोणत्याही अर्जात किंवा सार्वजनिक नकाशात देऊ नये.

याहून मोलाची माहिती पाड्यांवर मिळते. येऊरच्या पाटोणापाडा, वणीचा पाडा, जांभुळपाडा यांसारख्या पाड्यांतील वारली आणि इतर आदिवासी कुटुंबांना कोणत्या महिन्यात कोणता प्राणी कुठून उतरतो, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ही माहिती त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या संमतीने लिहून घ्यावी, आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोकजैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करून घ्यावी. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत अशी समिती असणे बंधनकारक आहे. नोंदवहीतला उतारा जोडलेली हरकत कुणा एकाचे मत म्हणून बाजूला सारणे अधिकाऱ्याला कठीण जाते.

वाटेचे सर्व्हे क्रमांक काढणे

नगररचना कार्यालयाला ‘चेण्याजवळचा हिरवा पट्टा’ ही भाषा कळत नाही, ‘मौजे अमुक, सर्व्हे क्रमांक तमुक, हिस्सा अमुक’ ही कळते. म्हणून पाहणीतल्या नोंदी गाव नकाशावर आणाव्यात. गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात आणि महाभूनक्शा संकेतस्थळावर मिळतो, सातबारा महाभूलेखवर मिळतो आणि चालू आराखड्यातला झोन कळण्यासाठी नगररचना विभागाकडून झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा लागतो. या कागदांवरून गावनिहाय एक तक्ता तयार करावा आणि त्यात सर्व्हे व हिस्सा क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार वर्ग, ‘इतर हक्क’ रकान्यातल्या नोंदी, सध्याचा झोन, मागितलेला झोन आणि त्या जागेचा पुरावा असे रकाने ठेवावेत. सगळ्या कामाचा कणा हा तक्ता आहे. तो घाईने करू नये.

‘इतर हक्क’ रकान्यात अनेकदा ‘खाजगी वन’ अशी नोंद सापडते. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ मुळे अशा नोंदी झाल्या. परंतु वन कायद्याखाली केवळ नोटीस निघाली म्हणजे जमीन खाजगी वन ठरली असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी दिला आहे. त्यामुळे निव्वळ त्या नोंदीवर विसंबून हरकत लिहिली तर ती एका वाक्यात फेटाळली जाऊ शकते. जमिनीवर आज प्रत्यक्ष झाडी आहे का, उतार किती आहे, ओढा आहे का आणि प्राण्यांच्या खुणा आहेत का, हा युक्तिवाद पुढे ठेवावा आणि नोंद आधाराला घ्यावी.

पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची, म्हणजे संरक्षित जंगलाभोवतीच्या निर्बंध असलेल्या पट्ट्याची, हद्दही याच नकाशावर आखावी. संजय गांधी उद्यानाभोवतीचे हे क्षेत्र ५ डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने ठरले. ते ५९.४६ चौरस किलोमीटर आहे आणि त्याची रुंदी कुठे अवघी १०० मीटर, तर कुठे ४ किलोमीटरपर्यंत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी सरसकट किमान एक किलोमीटरचा आदेश दिला होता, त्याच्या आधारे आजही अनेक हरकती लिहिल्या जातात. तो आदेश २६ एप्रिल २०२३ रोजी बदलण्यात आला असून, जिथे प्रारूप किंवा अंतिम अधिसूचना निघालेली आहे तिथे अधिसूचनेतलीच हद्द लागू राहते. जुन्या आदेशाचा हवाला दिला की उरलेल्या खऱ्या मुद्द्यांचेही वजन जाते.

प्राधिकरण आणि टप्पा ओळखणे

बिबट्या एका रात्रीत जेवढे अंतर चालतो तेवढ्यात नियोजनाची तीन-चार प्राधिकरणे बदलतात. ठाणे महापालिकेची हद्द संपली की मीरा-भाईंदर महापालिका येते, खाडीपलीकडे वसई-विरार महापालिका आणि भिवंडीभोवतालच्या ६० अधिसूचित गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. प्रत्येक संस्था आपल्या हद्दीपुरता आराखडा करते आणि हद्दीवर पोहोचलेल्या वाटेचे पुढे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. म्हणून दोन स्तरांवर काम करावे. एमएमआरडीएच्या प्रादेशिक योजनेत पूर्ण वाट सलग दाखवण्याची मागणी करावी आणि प्रत्येक स्थानिक आराखड्यात त्या-त्या तुकड्याची. सध्याची प्रादेशिक योजना २०१६ ते २०३६ या काळासाठी असून ती २०२१ मध्ये मंजूर झाली.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यातच या मागणीला आधार आहे. प्रादेशिक योजनेत काय असावे हे सांगणाऱ्या कलम १४ मध्ये वने आणि वन्यजीव यांच्या जतनाचा उल्लेख आहे, तर विकास आराखड्याविषयीच्या कलम २२ मध्ये निसर्गरम्य क्षेत्रे आणि भूप्रदेश यांचे जतन व संवर्धन समाविष्ट आहे. हरकतीत ही कलमे क्रमांकासह लिहावीत, म्हणजे आपण मागत आहोत ती सवलत नसून कायद्याने अपेक्षिलेले काम आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येते.

कलम २३ खाली आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवल्या जातात, कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते, कलम ३० खाली आराखडा शासनाकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. बहुतेक नागरिक कलम २६ च्या वेळी जागे होतात. माझ्या मते खरी संधी त्याआधी, विद्यमान जमीन वापर नकाशाच्या वेळी असते. त्या नकाशात घर, कारखाना, शेती, रस्ता, तलाव यांना रंग असतो आणि ज्या माळावरून रात्री सांबर उतरते त्या माळावर ‘मोकळी’ किंवा ‘पडीक’ असा शिक्का बसतो. जमीन एकदा मोकळी ठरली की पुढचा नियोजनकार तिच्यावर काहीतरी बसवणारच, आणि त्यात त्याचा दोष नसतो, कारण त्याच्या हातात आलेल्या नकाशाने तिथे काही नाही असेच सांगितलेले असते. म्हणून इरादा जाहीर होताच आपला तक्ता नगररचना अधिकाऱ्याला लेखी सादर करावा आणि विद्यमान वापराच्या सर्वेक्षणात ओढे, झाडीचे पट्टे, डोंगरउतार आणि मोऱ्या दाखवण्याची विनंती करावी.

झोन ठरण्याचा क्षण इतका निर्णायक असण्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत झालेल्या दुरुस्त्यांनंतर, आराखड्यात जमीन निवासी किंवा अन्य विकासयोग्य विभागात आली की अकृषिक वापरासाठी पूर्वीसारखी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागत नाही. पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात जो दुसरा उंबरठा होता, तो आता जवळजवळ उरलेला नाही.

आरक्षण मागावे की झोन

या प्रश्नावर अनेक चांगल्या मोहिमा चुकतात. ‘हा सर्व्हे क्रमांक वन्यजीव भ्रमणमार्गासाठी आरक्षित करा’ अशी मागणी ऐकायला भक्कम वाटते. परंतु आरक्षित जमीन प्राधिकरणाने प्रत्यक्ष संपादित करावी लागते. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत प्राधिकरणाने कार्यवाही सुरू केली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. जिथे महापालिकेला उद्याने आणि शाळांच्या आरक्षणांसाठीही पैसा अपुरा पडतो तिथे भ्रमणमार्गाच्या आरक्षणाची गत काय होईल, हे उघड आहे. दहा-बारा वर्षांनी ती जमीन बहुधा शेजारच्या भूखंडासारखीच विकासासाठी खुली होईल.

झोनचे तसे नाही. शेती विभाग, हरित विभाग, ना-विकास क्षेत्र किंवा डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग यांत जमिनीची मालकी बदलत नाही. कोणता वापर चालेल आणि किती बांधकाम होईल एवढेच ठरते, त्यामुळे संपादनाची मुदत आणि व्यपगत होण्याची तरतूद तिथे लागू होत नाही. म्हणून वाटेचा बहुतांश भाग झोनखाली मागावा. ज्या ठिकाणी एखादा भूखंड गेला तर सगळी वाटच तुटेल, उदाहरणार्थ मोरीच्या तोंडासमोरची जमीन, त्या मोजक्या जागांसाठी आरक्षण मागावे आणि संपादनाचा मार्गही सोबत सुचवावा. कलम १२६ मध्ये परस्पर संमती, हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), आणि भूसंपादन असे तिन्ही मार्ग आहेत. ठाण्यात टीडीआरला बाजारात मागणी असल्याने तो मालकाला पटण्याची शक्यता बरीच असते.

झोनच्या नावावर समाधान मानू नये. हरित विभागातही एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे कोणकोणते वापर चालतात, याची यादी लांबलचक आहे. येऊरमधले बंगले, हॉटेले, लग्नसमारंभाची लॉन आणि प्रखर दिव्यांचे टर्फ यांवरून उठलेले वाद पाहिले तर नकाशावर हिरवी असलेली जमीन रात्री प्राण्यांसाठी बंद कशी होते, हे कळते. म्हणून झोनसोबत अटी मागाव्यात. ओढ्याच्या दोन्ही काठांवर ठरावीक अंतरापर्यंत बांधकाम, भराव आणि काँक्रीटची भिंत नसावी. आवाराला भरीव भिंत नसावी आणि खालून प्राणी जाऊ शकतील असे कुंपण असावे, कारण बिबट्या भिंत ओलांडेल पण सांबर आणि रानडुक्कर माघारी फिरतील. दिव्यांचा झोत जमिनीकडे असावा आणि रात्री ठरावीक वेळेनंतर मैदानी दिवे बंद व्हावेत. खाणकाम आणि खडी क्रशर यांना पूर्ण मनाई असावी. उतार १:५ किंवा त्याहून तीव्र असेल तर तिथे खोदाई-भरावावरच्या निर्बंधांचा नियम आपल्या हद्दीत कसा लागू आहे ते तपासून त्याचा थेट उल्लेख करावा, आणि नदीच्या निळ्या पूररेषेच्या (वारंवार पुराखाली जाणाऱ्या भागाची नकाशावरची हद्द) आतले क्षेत्र वाटेत जोडून घ्यावे, कारण तिथे बांधकामावर आधीच निर्बंध असतात.

वाट किती रुंद असावी, असा प्रश्न सुनावणीत हमखास विचारला जातो. सर्व ठिकाणी चालेल असा एक आकडा नाही आणि कुणी दडपणाखाली आणले तरी तो देऊ नये. सलगता रुंदीइतकीच महत्त्वाची आहे, हे ठासून सांगावे. तीनशे मीटर रुंदीचा पट्टा मध्येच एका गोदामाने बंद केला तर त्या पट्ट्याचा काही उपयोग राहत नाही. ओढा, त्याचे दोन्ही काठ आणि लगतच्या झाडीची नैसर्गिक कड ही किमान हद्द धरावी, आणि जिथे भूखंड आधीच मोठे व मोकळे आहेत तिथे ती वाढवावी.

जिथे विकास अटळ आहे तिथेही बरेच साधता येते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) दहा टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडावी लागते. ती इमारतीच्या मागच्या कोपऱ्यात न ठेवता ओढ्यालगत ठेवावी आणि शेजारच्या भूखंडांच्या मोकळ्या जागांशी जोडावी, अशी अट आराखड्याच्या अहवालात घालून घेता आली तर एक पैसाही खर्च न होता सलग पट्टा तयार होतो. पनवेलच्या बाजूला नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, सिडको हे शासकीय नियोजन महामंडळ नगररचना परियोजना राबवते, म्हणजे मूळ भूखंड एकत्र करून मालकांना अंतिम भूखंड वाटून देते. तिथे प्रारूप परियोजनेच्या वेळीच सार्वजनिक मोकळ्या जागा नाल्याकाठी आणण्याची सूचना द्यावी.

जमीनमालक आणि पाडे

भ्रमणमार्गाच्या नावाखाली जमिनीचा भाव पडेल, ही मालकाची भीती खरी आहे. तिला लोभ म्हणून हिणवू नये. हरकत दाखल करण्यापूर्वी संबंधित खातेदारांना भेटावे, चालू शेती, विद्यमान घरे, गोठे आणि विहिरी यांना कोणताही अडथळा येणार नाही हे मागणीतच लिहावे, आणि टीडीआरसारख्या मोबदल्याची मागणी त्यांच्या वतीने करावी. आदिवासी पाड्यांच्या घरांना आणि गावठाण विस्ताराला जागा सोडूनच वाट आखावी. वनहक्क कायदा, २००६ खालचे वैयक्तिक वा सामूहिक दावे मंजूर किंवा प्रलंबित असतील तर ते तक्त्यात दाखवावेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला त्या जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार असतो, त्यामुळे तिचा ठराव हा भ्रमणमार्गाचा सर्वांत बळकट आधार ठरतो. शहापूर तालुका आणि मुरबाड व भिवंडी तालुक्यांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींविषयीच्या, कायद्याखालीही ग्रामसभेचे मत घ्यावे.

झोनच्या जोडीला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधले दोन पर्यायही लक्षात ठेवावेत. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या शासकीय जमिनीवर कलम ३६-अ खाली संवर्धन राखीव जाहीर करता येते, आणि खाजगी किंवा सामूहिक जमिनीवर मालकांची तयारी असेल तर कलम ३६-क खाली समुदाय राखीव. गायरानाचे मोठे तुकडे वाटेत येत असतील तर पहिला पर्याय जिल्हाधिकारी आणि उपवनसंरक्षक यांच्याकडे स्वतंत्रपणे मांडावा.

हरकत लिहिणे

एका हरकतीत एकच गाव किंवा सलग सर्व्हे क्रमांकांचा एकच गट घ्यावा. शंभर जणांनी सही केलेले एक निवेदन बहुधा एकच हरकत म्हणून नोंदले जाते. त्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या माहितीच्या जागेबद्दल दिलेल्या दहा वेगळ्या हरकती समितीला दहा वेळा वाचाव्या लागतात. मजकूर साधारण असा असावा :

‘प्रारूप विकास आराखड्यात मौजे ______ येथील सर्व्हे क्रमांक ______ हे क्षेत्र निवासी विभागात दर्शविले आहे. या क्षेत्रातून ______ ओढा वाहतो व तो ______ रस्त्याखालील मोरीतून पलीकडील वनक्षेत्रास मिळतो. सदर मोरीतून वन्यप्राण्यांची ये-जा होत असल्याच्या दिनांकवार नोंदी व छायाचित्रे परिशिष्ट १ मध्ये, आणि रस्त्यावरील प्राणिमृत्यूंच्या नोंदी परिशिष्ट २ मध्ये जोडल्या आहेत. तरी अधिनियमाच्या कलम २२ मधील नैसर्गिक क्षेत्रांच्या जतनाची तरतूद विचारात घेऊन, ओढ्याच्या दोन्ही काठांवरील सोबतच्या नकाशात दर्शविलेले क्षेत्र हरित विभागात समाविष्ट करावे, तेथील विद्यमान शेती व घरे कायम ठेवावीत आणि परिशिष्ट ३ मधील अटी त्या विभागास लागू कराव्यात, अशी विनंती आहे.’

मुदत सूचनेत छापलेली असते, तिच्या शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सुनावणीत प्रत्येकाला जेमतेम काही मिनिटे मिळतात. त्या वेळात निसर्गाचे महत्त्व सांगू नये, समितीला ते ठाऊक असते. मोठ्या आकाराचा एकच नकाशा पुढे ठेवून वाट कुठे तुटते आणि कोणता रंग बदलल्यास ती टिकते, एवढे दाखवावे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचे पत्र मिळाले असेल तर ते तेव्हाच सादर करावे. नंतर समितीच्या अहवालात आपल्या हरकतीवर काय शिफारस झाली, ते माहितीच्या अधिकारात मागवावे.

नवी मुंबईकडची वेगळी परिस्थिती

ठाणे खाडीच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग, खारघरचे डोंगर, पनवेलजवळचे कर्नाळा आणि माथेरान असा सारा डोंगराळ प्रदेश आहे. यांपैकी माथेरान परिसराला ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे संरक्षण आहे. इथे नवी मुंबई महापालिका, सिडको, एमआयडीसी (औद्योगिक विकास महामंडळ) आणि पनवेल महापालिका असे चार नियोजनकार शेजारी-शेजारी आहेत, म्हणून प्रत्येक सर्व्हे क्रमांक नेमका कुणाकडे आहे, हे सर्वांत आधी तपासावे. चुकीच्या कार्यालयात दिलेली हरकत मुदतीत दिलेली धरली जात नाही.

इथली दुसरी वाट आकाशातली आहे. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, परंतु भरतीचे पाणी चिखलाच्या मैदानावर चढले की रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांना अभयारण्याबाहेरच्या नेरूळ-सीवूड्‌स भागातल्या पाणथळ जागांवर येऊन विसावावे लागते. या जागा विकास आराखड्यात निवासी दाखवण्यावरून बराच संघर्ष झाला आहे. अशा जागांच्या हरकतीत भरती-ओहोटीच्या वेळांनुसार केलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जोडाव्यात, खाडीचे पाणी आत येण्याची वाट उघडी ठेवण्याची अट मागावी, आणि १००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याचा सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशाशी ताळा घालावा. त्याच कांदळवनांच्या कडेने कोल्हे वावरतात. खारघरच्या आसपास ते अनेकदा दिसतात, आणि त्यांच्यासाठी कांदळवनापासून डोंगरापर्यंत जाणाऱ्या नाल्यांचे काठ मोकळे राहणे आवश्यक आहे.

मंजुरीनंतरची देखरेख

मंजूर आराखडा बदलण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालचा फेरबदल. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान अक्षरांत येते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. आपल्या तक्त्यातले सर्व्हे क्रमांक दोन-तीन जणांमध्ये वाटून घ्यावेत आणि प्रत्येकाने ठरलेले वर्तमानपत्र व महापालिकेचे संकेतस्थळ नियमित पाहावे. फेरबदलाला हरकत घेताना मूळ आराखड्याच्या वेळचा पुरावा पुन्हा जोडावा आणि त्यानंतरच्या नव्या नोंदींची भर घालावी.

रस्ता रुंदीकरण, नवी रेल्वेमार्गिका किंवा बोगद्याचे काम आले की झोन अबाधित राहूनही वाट बंद होऊ शकते, कारण जुनी मोरी बदलून अरुंद पाईप टाकला जातो किंवा तिच्या तोंडाशी राडारोडा पडतो. कामाच्या निविदेपूर्वीच संबंधित यंत्रणेला मोरीचे स्थान आणि सध्याची मोजमापे कळवून, नवी मोरी त्याच जागी आणि त्याहून लहान नसावी, असे लेखी मागावे. कलम ३८ प्रमाणे आराखड्याची सुधारणा वीस वर्षांतून किमान एकदा होते, म्हणजे आज सुरू केलेली नोंदवही पुढच्या आराखड्याच्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या हाती असेल. म्हणून दरवर्षी पावसाळा संपल्यावर तिची एक प्रत जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे आणि एक वनपरिक्षेत्र कार्यालयात आवक शिक्क्यासह जमा करावी.